हॅटफील्डचा धनी



इंग्रजी अमदानीविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक इथे आलेल्या इंग्रजांविषयीच बोलतो. एल्फिन्स्टन, बार्टल फ्रिअर, रिचर्ड टेंपल, रँड. ही माणसं इथे वावरली, म्हणून त्यांची नावं आपल्या तोंडी बसली. पण त्यांचा कारभार ज्यांच्या हुकमाने चालायचा, ते लंडनमधले मंत्री आपल्याला फारसे माहीत नसतात. आज मी त्यांपैकी एकाबद्दल बोलणार आहे. रॉबर्ट गॅस्कोइन-सेसिल, म्हणजेच सॉल्सबरीचा तिसरा मार्क्विस. तो दोनदा भारतमंत्री झाला आणि तीनदा इंग्लंडचा पंतप्रधान. पंतप्रधानपदाचा त्याचा एकूण काळ तेरा वर्षांहून जास्त भरतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. सॉल्सबरीचं राजकारण कळायचं असेल तर आधी त्याचं घर पाहावं लागतं. ज्यांना तो ओळखत होता, ज्यांच्याशी त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं होतं, त्यांच्याबाबत त्याची कर्तव्यबुद्धी कायम जागी असे. घराच्या आणि जमिनीच्या सीमेपलीकडचं दुःखही त्याला दिसायचं. ते तो समजून घ्यायचा, नेमक्या शब्दांत लिहायचा, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबायचा. अडाणी राज्यकर्त्याने केलेल्या अन्यायापेक्षा हे थांबणं मला अधिक गंभीर वाटतं.

तर आधी घर. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात हॅटफील्ड आहे. तिथल्या जुन्या राजवाड्यात एलिझाबेथ राणीचं बालपण गेलं आणि १५५८ मध्ये आपण राणी झाल्याची बातमी तिला तिथेच कळली. तिचा थोर मंत्री विल्यम सेसिल हा या घराण्याचा मूळपुरुष. त्याचा मुलगा रॉबर्ट याने १६०७ मध्ये पहिल्या जेम्स राजाला आपला थिओबाल्ड्‌सचा वाडा देऊन बदल्यात हॅटफील्ड घेतलं आणि तिथे नवा प्रचंड वाडा बांधला. तो आजही उभा आहे आणि आजही याच घराण्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घराण्याची जमीन सुमारे २० हजार एकर होती आणि तिचं वार्षिक उत्पन्न सुमारे ३३ हजार पौंड. लंडन शहरातली मालमत्ता वेगळीच. त्या काळी ब्रिटनमधली पाचांतले चार हिस्से जमीन सात हजारांहून कमी मालकांच्या हाती होती. पार्लमेंट, न्यायासन, चर्च आणि सैन्य हे सगळं या मालकांच्या नात्यागोत्यात फिरायचं. सॉल्सबरी त्यांतला सर्वांत मोठा जमीनदार नव्हता. त्याहून कितीतरी मोठे ड्यूक होते. पण इतकी वर्षं सत्ता त्यांतल्या कुणाच्याच हाती टिकली नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ३ फेब्रुवारी १८३० ला जन्मलेला हा मुलगा वारस नव्हताच. थोरला भाऊ हयात होता आणि इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे वाडा, जमीन, किताब सगळं थोरल्याचं. रॉबर्ट नऊ वर्षांचा असताना आई वारली. वडील कडक आणि अलिप्त. ईटनच्या शाळेत मोठ्या मुलांनी त्याचा इतका छळ केला की शेवटी पंधराव्या वर्षी त्याला शाळेतून काढून घरी आणावं लागलं. पुढे सुट्टीत लंडनला आला की तो हमरस्ता टाळून आडगल्ल्यांतून चालायचा, शाळेतलं कुणी भेटू नये म्हणून. ज्या माणसाने पुढे बिस्मार्कशी डाव खेळले त्याचं हे बालपण. माणसांच्या जमावाविषयी त्याला आयुष्यभर जी भीती वाटली, लोकशाहीत त्याला नेहमी जी झुंडशाही दिसली, तिचं एक मूळ मला ईटनच्या त्या आवारात दिसतं. मोकळं सोडलं की माणसं दुबळ्याला चिरडतात, हा धडा त्याने पुस्तकात वाचून घेतलेला नव्हता.

ऑक्सफर्डला तब्येत ढासळली. डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला. १८५१ ते १८५३ या काळात तो दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हिंडला, सोन्याच्या खाणींवरची गर्दी त्याने डोळ्यांनी पाहिली. परत आला आणि २२ ऑगस्ट १८५३ ला स्टॅमफर्डमधून खासदार झाला. बिनविरोध. स्टॅमफर्डवर वजन होतं एक्सेटरच्या मार्क्विसचं, आणि तो सेसिल घराण्याच्याच दुसऱ्या शाखेचा. पुढची पंधरा वर्षं रॉबर्ट तिथून निवडून येत राहिला आणि एकदाही त्याला प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही. म्हणजे तीनदा पंतप्रधान झालेल्या या माणसाला उभ्या आयुष्यात मतदाराच्या दारात जाऊन मत मागण्याची वेळ आली नाही.

१८५७ मध्ये त्याने लग्न केलं ते वडिलांच्या मनाविरुद्ध. मुलगी होती न्यायाधीश सर एडवर्ड ऑल्डरसन यांची जॉर्जिना. हुशार, बोलकी, धर्मनिष्ठ, पण पैसा नाही. वडील लग्नाला आले नाहीत. मग मार्क्विसच्या मुलाने पोटासाठी लेखणी धरली. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ हे साप्ताहिक त्याच्या मेहुण्याचंच होतं. तिथे आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये त्याने निनावी लेखांचा रतीब घातला. राजकारण, इतिहास, परराष्ट्र व्यवहार, जर्मन पुस्तकांची परीक्षणं, जे मिळेल ते. घर त्यावर चालायचं. भाषेची धार, आकड्यांवरची पकड आणि आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्यांवर तुटून पडण्याची निर्भयता त्याला या लेखनाने दिली. डिझरायली या पुढाऱ्याबद्दल त्याने या काळात जे लिहिलं ते विरोधी पक्षालाही लिहवलं नसतं.

१८६५ मध्ये थोरला भाऊ वारला आणि सगळं पालटलं. रॉबर्ट वारस झाला. पुढच्याच वर्षी, छत्तीस वर्षांचा असताना, तो भारतमंत्री झाला.

इथे मला थोडं थांबायचं आहे. १८६६ च्या जुलैमध्ये त्याने पदभार घेतला तेव्हा ओरिसात दुष्काळ पडलेला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, काळजीचं कारण नाही, आणि नव्या मंत्र्याने विश्वास ठेवला. दोन महिने त्याने काही केलं नाही. तोवर पावसाने ओरिसाची बंदरं बंद पाडली आणि धान्य पोचवणं अशक्य झालं. सुमारे दहा लाख माणसं मेली. तिथल्या लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढच्या वर्षी त्याने पार्लमेंटात अधिकाऱ्यांवर कोरडे ओढले. बाजार आपोआप धान्य आणील या अर्थशास्त्राच्या सूत्राची त्यांनी मूर्तीसारखी पूजा केली, असं तो म्हणाला. आणि खासगीत, कितीतरी वर्षांनंतर, आपणही या पापातून पूर्ण मोकळे नाही हे त्याने कबूल केलं. साम्राज्याच्या इतिहासात अशी कबुली दुर्मीळ आहे, म्हणून तिची किंमत मी कमी करत नाही. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळाची चाहूल लागली तेव्हा धान्य आयात करण्यावर सरकारने सढळ हाताने खर्च केला, त्या खर्चाला सॉल्सबरीचा पाठिंबा होता. ओरिसा त्याच्या मनातून गेला नव्हता, याचा हा पुरावा.

मधल्या काळात मंत्रिपद त्याने सोडलं होतं. १८६७ मध्ये डिझरायलीने मताधिकार वाढवणारं विधेयक आणलं. मंत्रिमंडळात घाईघाईने संमती घेतली गेली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री हा गृहस्थ मतदारसंख्येचे तक्ते घेऊन बसला आणि एकेका शहराची बेरीज करत गेला. पहाटेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सांगितलेलं चित्र खोटं आहे. छोट्या शहरांत सत्ता सरळ कामकरी वर्गाकडे जाते. मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला. त्याची राजकीय भूमिका मला मान्य नाही. पण आकडे स्वतः तपासून, ते पटले नाहीत म्हणून मंत्रिपद टाकणारा मंत्री आपल्याला कुठल्या देशात रोज भेटतो?

१८६८ मध्ये वडील गेले आणि तो मार्क्विस झाला, हॅटफील्डचा धनी झाला, लॉर्ड्‌सच्या सभागृहात गेला. त्याच वर्षी दिवाळखोरीतून वर येऊ पाहणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रेल्वे कंपनीचं अध्यक्षपद त्याने घेतलं आणि चार वर्षांत तिचे हिशेब रुळावर आणले. जमीनदाराने रेल्वेचा जमाखर्च तपासत बसणं त्याच्या बरोबरीच्यांना कमीपणाचं वाटलं असेल. त्याला ते आवडायचं.

त्याच्या घरातलं आयुष्य ज्यांनी पाहिलं त्यांना त्या घराचं अप्रूप वाटे. तळघरात त्याची प्रयोगशाळा होती. विजेचे दिवे लावणाऱ्या इंग्लंडमधल्या पहिल्या काही घरांत हॅटफील्ड येतं. १८८० च्या सुमारास तारा बसवल्या गेल्या. त्या अधूनमधून पेटायच्या. जेवणाच्या टेबलावर गप्पा चालू असताना छताजवळच्या लाकडी नक्षीतून ठिणग्या उडायच्या, मग घरातली मंडळी उशा फेकून ती आग विझवायची आणि गप्पा पुढे सुरू. बागेत काम करणाऱ्या एका माणसाचा मात्र तारेला हात लागून जीव गेला, हेही त्याच घरात घडलं. म्हातारपणी स्थूल झालेला धनी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सकाळी बागेत तीनचाकी सायकल चालवायचा. चढावर नोकर ढकलायचा आणि उतारावर मागे उडी मारून उभा राहायचा.

मुलं सात. मॉड आणि ग्वेंडोलेन या मुली. जेम्स, विल्यम, रॉबर्ट, एडवर्ड आणि ह्यू हे मुलगे. आणखी एक मुलगी तान्हेपणीच गेली. आपण लहानपणी जे भोगलं ते मुलांच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं जणू त्याने ठरवलं होतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मुलांनी मोठ्यांसमोर गप्प बसावं अशी रीत होती. इथे पाचव्या-सहाव्या वर्षापासून मुलं बापाशी वाद घालायची, धर्मावर, राजकारणावर, काहीही. तो त्यांच्याशी परदेशी वकिलाशी बोलावं तसा गांभीर्याने बोलायचा. पुढे थोरला जेम्स मंत्री झाला, विल्यम एक्सेटरचा बिशप, एडवर्ड सैन्यात. ह्यू खासदार झाला आणि नंतर ईटनचा प्रमुख, ज्या ईटनमधून बापाला पळवून आणावं लागलं होतं. रॉबर्टने राष्ट्रसंघाच्या उभारणीत आयुष्य घातलं आणि १९३७ चं शांततेचं नोबेल मिळवलं. मॉड स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने उभी राहिली. ग्वेंडोलेनने लग्न केलं नाही. तिने वडिलांचं चरित्र चार खंडांत लिहिलं.

या घराबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच पुढचं बोलणं अवघड जातं.

१८७४ मध्ये तो दुसऱ्यांदा भारतमंत्री झाला, ज्याच्यावर तुटून पडला होता त्या डिझरायलीच्याच हाताखाली. २६ एप्रिल १८७५ या तारखेचं त्याचं एक टिपण आहे. दादाभाई नौरोजींनी ते पुढे वारंवार जगापुढे मांडलं. त्यात सॉल्सबरी म्हणतो, सरकारी खर्चाचा भार शेतकऱ्यावर कमी असावा. खेड्यांत भांडवल आधीच अपुरं आहे आणि शहरांत ते साचून आहे. शिवाय हिंदुस्थानच्या महसुलाचा मोठा भाग सरळ मोबदल्याशिवाय देशाबाहेर जातो, त्यामुळे हे नुकसान अधिकच वाढतं. आणि मग त्याचं ते प्रसिद्ध वाक्य येतं, ज्याचा आशय असा की हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे, तर नस जिथे रक्त साचलंय तिथली कापावी, आधीच अशक्त झालेल्या अवयवांची नको.

या टिपणानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. सावकारांच्या घरांवर चालून गेले. वह्या, कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला. पुष्कळ ठिकाणी खत हाती आल्यावर सावकाराच्या अंगाला हात लावला गेला नाही. त्यांना हवा होता तो कागद. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला सुगीचा भाव १८६५ नंतर कोसळला होता, फेरपाहणीत सारा वाढला होता, आणि सावकाराने हात आखडता घेतला होता. लंडनमधल्या मंत्र्याने दुखणं अचूक ओळखलं होतं. त्याच्या टिपणाची शाई वाळते न वाळते तोच तेच दुखणं सुप्यात उफाळून आलं. मात्र त्याचं टिपण आणि सुप्याचा उठाव यांना जोडणारा निर्णय त्याच्या कारकिर्दीत झाला नाही. चौकशी आयोग बसला. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला तो १८७९ मध्ये, आणि त्याचा सगळा रोख सावकाराकडे होता. साऱ्याचा प्रश्न जागच्या जागी राहिला. तोवर सॉल्सबरी परराष्ट्रमंत्री होऊन बर्लिनच्या परिषदेत बसून आला होता.

भारतमंत्रिपदाच्या या दुसऱ्या काळात त्याने दोन निर्णय मात्र घेतले. सनदी नोकरीच्या परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणिसावर आणली, त्यामुळे हिंदी तरुणाला लंडनला जाऊन ती परीक्षा देणं जवळजवळ अशक्य झालं. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर फिरून चळवळ उभारली ती यावरून. दुसरं, लँकशायरच्या गिरणीवाल्यांसाठी त्याने विलायती कापडावरची जकात काढण्याचा सतत आग्रह धरला. मुंबईच्या तरुण गिरणधंद्याला ही जकात हाच थोडाफार आडोसा होता. इथे त्याला ओरिसा आठवला नाही. लँकशायरला मतं होती, मुंबईला नव्हती. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाखे होरपळत असताना व्हाइसरॉय लिटनने काटकसरीचं जे धोरण चालवलं, त्याला आवर घालणारा हात लंडनहून आला नाही. पन्नास लाखांहून अधिक माणसं त्या दुष्काळात गेली.

त्याची इंग्लंडमधली कामगिरी पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. १८८३ मध्ये त्याने गरिबांच्या घरांवर लेख लिहिला आणि सरकारने त्यासाठी कर्ज द्यावं अशी मागणी केली. त्यातून पुढे शाही आयोग बसला. १८८८ मध्ये, पंतप्रधान असताना, त्याच्या सरकारने निवडून आलेल्या परगणा समित्या स्थापन केल्या. तोवर परगण्याचा कारभार जमीनदार न्यायाधीश पाहायचे, म्हणजे त्याच्याच वर्गाच्या हातातली सत्ता त्याने काढून दिली. १८९१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं. बदल त्याला आवडत नसे, पण अटळ दिसला की तो आपल्या हातांनी, आपल्या अटींवर करायचा. १८८४ मध्ये मताधिकार वाढला तेव्हाही त्याने तेव्हाचा पंतप्रधान ग्लॅडस्टन याच्याबरोबर वाटाघाटी करून मतदारसंघांची अशी फेरमांडणी करून घेतली की शहराबाहेरच्या बंगल्यांमधला मध्यमवर्ग त्याच्या पक्षाचा कणा झाला. लोकशाहीला भिणाऱ्या या माणसाने लोकशाहीत निवडणुका जिंकण्याची विद्या पुरती आत्मसात केली.

सरकारही त्याने घरासारखं चालवलं. १९०० मध्ये त्याचा भाचा आर्थर बॅल्फोर कॉमन्समध्ये नेता, दुसरा भाचा जेरल्ड व्यापारखात्याचा प्रमुख, जावई सेलबर्न आरमारखात्यावर, थोरला मुलगा परराष्ट्रखात्यात उपमंत्री. स्ट्रँडवर सेसिलांच्या जुन्या जागेवर तेव्हा ‘हॉटेल सेसिल’ नावाचं भव्य हॉटेल उभं राहिलं होतं. लोक मंत्रिमंडळालाच त्या नावाने ओळखू लागले. बॅल्फोर लायक होता, यात वाद नाही. पण लायक माणूस आपल्या जेवणाच्या टेबलाभोवतीच सापडतो असं ज्याला वाटतं, त्याला बाहेरची माणसं हळूहळू दिसेनाशी होतात.

ती किती दिसेनाशी झाली हे दोन भाषणांतून कळतं. मे १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करताना त्याने स्वतःचा कारभार स्वतः करू शकणाऱ्या जाती आणि न करू शकणाऱ्या जाती अशी फाळणीच केली. आयरिश, हिंदी, आफ्रिकी, सगळे दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोला बोलताना दादाभाईंचा उल्लेख त्याने ‘काळा माणूस’ असा केला. इंग्रज मतदार असा माणूस निवडून देणार नाहीत, असं सुचवलं. दादाभाई १८८६ मध्ये हॉलबर्नला हरले होते, त्या संदर्भात. या शब्दांनी इंग्लंडमध्येच संताप उसळला. एका रात्रीत दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं, आणि १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीने त्यांना पाच मतांच्या आधिक्याने निवडून पार्लमेंटात पाठवलं. त्याच वर्षी, सत्ता जाण्याच्या तोंडावर, सॉल्सबरीच्याच सरकारने हिंदी कौन्सिलांचा कायदा केला. निवडणुकीचं तत्त्व पूर्वेकडच्या लोकांना मानवत नाही, असं तो स्वतः लॉर्ड्‌समध्ये म्हणाला होता. तरी कायद्याच्या मागच्या दाराने निवडणूक आत आलीच, आणि त्याच दारातून १८९५ मध्ये टिळक मुंबईच्या कौन्सिलात गेले. २२ जून १८९७ ला लंडनच्या रस्त्यांवर राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मिरवणूक निघाली तेव्हा पंतप्रधान तोच होता, आणि त्याच रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली.

अखेरची वर्षं जड गेली. १८९९ च्या ऑक्टोबरात बोअर युद्ध सुरू झालं. मुलगा एडवर्ड मॅफेकिंगच्या वेढ्यात अडकला. तो तिथे अडकलेला असताना नोव्हेंबरात जॉर्जिना गेली. वेढा एकूण सात महिने चालला, मुलगा जिवंत सुटला. जुलै १९०२ मध्ये त्याने भाच्याच्या हाती सत्ता दिली. पुढल्या वर्षी २२ ऑगस्टला त्याचं निधन झालं. स्टॅमफर्डहून प्रथम निवडून आल्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. पहिल्या महायुद्धात त्याचे पाच नातू मारले गेले. त्यांतला एक, मॉडचा मुलगा, १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, जिथे आपल्या गावोगावचे मराठा शिपाईही पडत होते.

जाता जाता एक विनंती. हॅटफील्डच्या वाड्यात सेसिल घराण्याचे सोळाव्या शतकापासूनचे कागद जपून ठेवले आहेत. मुलीने लिहिलेले चरित्राचे चार खंड आहेत. म्हणून आज मला सॉल्सबरीच्या मनात डोकावता येतं. सुप्याच्या शेतकऱ्याच्या मनात डोकावायचं तर माझ्यापाशी मुख्यतः सरकारी आयोगाचा अहवाल आहे, म्हणजे पुन्हा साहेबाचीच लेखणी. श्रोत्यांत शिरूर, सुपे, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडची मंडळी असतील. आपल्या माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, जुन्या पेटीत मोडीतली कर्जखतं, फारखती, साऱ्याच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. वाचता येत नसतील तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा, छायाचित्रं काढून घ्या, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवा. १८७५ चा इतिहास त्या कागदांवरून नव्याने लिहायचा राहिला आहे.